कीर्तनाचं पाकीट: आकडा सांगायचा की 'यथाशक्ती' म्हणायचं?

प्रश्न विचारणारे दारव्हा-दिग्रसकडचे तरुण कीर्तनकार आहेत. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं काढून गावी परतले. घरी चार एकर कोरडवाहू, बायको, एक लेकरू. सप्ताहाची बोलावणी येऊ लागलीत. गावं विचारतात, 'महाराज, किती घ्याल?' हे म्हणतात, 'यथाशक्ती.' मग पाकिटात कधी पाचशे निघतात, कधी पाकीटच नसतं, नुसती शाल आणि नारळ. बायको म्हणते, आकडा सांगत जा. एका गावात सांगितला, तर एका गृहस्थाने चारचौघांत तुकोबांचा अभंग ऐकवला. शिवाय कीर्तन संपल्यावर लोक अंगारा मागतात, पायाशी पैसे ठेवतात, त्याचं काय करावं? आणि येत्या आठवड्यात एका घरी तेरवीचं कीर्तन आहे. घरच्या कर्त्या माणसाने आत्महत्या केली. भावाने पाच हजार कबूल केलेत. घ्यावेत का?

महाराज, वयाने तुम्ही माझ्या मुलासारखे, तरी महाराजच म्हणतो, आपल्यात तशीच रीत आहे. वऱ्हाडातल्या गावांत कीर्तनं करता करता माझे केस पांढरे झाले, आणि मी पैसे घेतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर कोणी विरक्त पुरुष उपदेश करतोय असं वाटायचं.

आधी तो अभंग. आपल्याकडे तो सगळ्यांना शेवटून पाठ असतो: 'तुका म्हणे द्रव्य घेती । देती तेही नरका जाती ॥' त्याच्या आधी काय आहे? जिथे कीर्तन करावं तिथे जेवू नये. कपाळाला बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये. ज्या तट्टावर, ज्या बैलाच्या गाडीने आलो, त्याच्यासाठी दाणा-चारासुद्धा मागू नये. आता ज्यांनी तुम्हाला चारचौघांत ऐकवलं त्यांनीच बहुतेक तुम्हाला हारही घातला असेल आणि पंगतीत आग्रहाने वांग्याची भाजी वाढली असेल. तेव्हा अभंग आठवला नाही. आणि 'देती तेही' हे दोन शब्द तर सप्ताह समितीच्या कानावर कधी पडलेलेच नसतात.

पण म्हणून अभंग खोटा ठरत नाही. आपल्यातले काहीजण त्याचा अर्थ वाकवतात. म्हणतात, ते सकाम कीर्तनाबद्दल आहे, त्या काळाबद्दल आहे. मला हे पटत नाही. अभंग सरळ आहे, त्याला दुसरा अर्थ नाही. तो अक्षरशः पाळणारी माणसं मी पाहिलीत, शिदोरी बांधून येतात, कीर्तन करतात आणि पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःचा वापरतात. त्यांच्यापुढे डोकं टेकवावं. मी तसा राहत नाही. मी अभंग मोडतो आणि मोडतो हे जाणून मोडतो. तुम्हालाही तेच करावं लागेल असं दिसतंय. मग निदान अर्थ वाकवू नका, आणि मोडायचा तर किती आणि कुठे, याला कुंपण घाला.

कुंपण कुठे घालायचं हे कळायला तुकोबांनी असं का सांगितलं असेल ते पाहावं लागतं. त्यांच्या घरी वाण्याचं दुकान होतं. पोट कीर्तनावर नव्हतं. परंपरा सांगते की सावकारीची आपल्या वाट्याची कर्जखतंही त्यांनी इंद्रायणीत बुडवली. ज्याला कोणाकडून काही घ्यायचं नाही तो उभा राहून कोणालाही सुनावू शकतो. पैसा घेतला की सगळ्यात आधी बांधली जाते ती जीभ. नरकाचं मला काही माहीत नाही, पण हे मी रोज पाहतो. म्हणून माझ्यापुरती कसोटी ठरवून टाकलीय: हा पैसा घेतल्यावर माझ्या तोंडून काय निघायचं थांबेल? काहीच थांबणार नसेल तर घ्यावा. एक वाक्य जरी अडणार असेल तर तो पैसा नको.

गाडगेबाबांकडे या डोळ्यांनी पाहा. १९०५ साली घर सोडलं, त्यानंतर गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. भाकरी मागून खायची. पायाला हात लावू द्यायचा नाही. पैसा त्यांनी मागितला नाही असं नाही, पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथल्या धर्मशाळा काय आभाळातून पडल्या? पण स्वतःसाठी मागितला नाही. म्हणून कर्ज काढून सण करणाऱ्याला, नवसाला बकरं कापणाऱ्याला, दारू पिणाऱ्याला ते त्याच्या तोंडावर बोलू शकले, आणि तोच माणूस पुढे बसून हसत हसत ऐकायचा.

तुम्ही-आम्ही मात्र घर सोडलेलं नाही. चार एकर कोरडवाहूत कापूस-तुरीचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या गावांत संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिला कोणी दाम घेत नाही, कारण करणारेही गावचेच. कीर्तनाला माणूस बाहेरून येतो, मृदंगवाला येतो, गाडी लागते, दुसऱ्या दिवशीचं काम बुडतं. हा खर्च खरा आहे आणि तो कोणीतरी भरतोच. गावाने नाही भरला तर तुमच्या बायकोने भरला असं समजा. तिचं ऐका.

आता 'यथाशक्ती'. ऐकायला किती गोड! मला विचाराल तर आपल्या धंद्यातला सगळ्यात जास्त लबाडीला वाव देणारा शब्द हाच. आकडा ठरलेला नसला की कीर्तनकार पहिल्या दहा मिनिटांत गावाचा अंदाज घेतो. पुढच्या रांगेत कोण बसलंय, मंडप कोणी दिला, ट्रॅक्टरवर कोणाचं नाव आहे. मग निरूपणात दर थोड्या वेळाने 'आपले दानशूर अमुकभाऊ' येतात. लोक टाळ्या वाजवतात, भाऊ खूश, पाकीट जाड. सोपानकाकांच्या अभंगावर सुरू झालेलं कीर्तन भाऊंच्या आरतीवर संपतं. आकडा आधी ठरलेला असता तर या लाचारीचं कारणच उरलं नसतं. आणि देणाऱ्याच्या बाजूनेही बघा. गरीब गावात 'यथाशक्ती' म्हटलं की समितीवाले रात्रभर कुजबुजतात, किती द्यावं, कमी दिलं तर महाराज नाराज होतील का, शेजारच्या गावाने किती दिले होते. एकदा एका समितीचे म्हातारे अध्यक्ष मला म्हणाले, 'महाराज, एकदाचा आकडा सांगा न बाप्पा, आमाले झोप तं लागन.' बरोबर होतं त्यांचं.

तेव्हा आकडा सांगा. फोनवर, पहिल्याच बोलण्यात, न लाजता. आणि तो सगळ्या गावांना एकच असू द्या. नदीकाठच्या बागायती गावाला एक आणि माळरानावरच्या गावाला दुसरा, असं नको. कमी करायचा असेल तर पूर्ण सोडा, घासाघीस नको.

किती, हा पुढचा प्रश्न. इथे मी माझा हिशेब सांगतो, तुम्ही तुमचा लावा. कापूस वेचायला बाईला किलोमागे दहा-बारा रुपये मिळतात. घरटी पाचशे रुपये वर्गणी लावली म्हणजे तिने चाळीस-पन्नास किलो कापूस वेचला, म्हणजे तिचा वाकून वाकून अख्खा दिवस गेला. समितीचा माणूस दारात उभा राहिला की ती नाही म्हणू शकत नाही, देवाचं काम आहे. तुमच्या पाकिटातली नोट तिथून येते. हे डोळ्यांपुढे ठेवून मी माझा दर गावच्या चांगल्या गवंड्याच्या रोजावर बांधतो. जाण्या-येण्यासकट कीर्तनाचा एक दिवस, तयारीचे दोन-तीन दिवस. तेवढे रोज आणि वर प्रवासखर्च. आजच्या भावाने अडीच-तीन हजारांच्या आसपास जातं. गवंडी चार दिवस भिंत बांधतो, मी चार दिवस एका अभंगाशी झटतो, त्याच्याहून जास्त मी का घ्यावं याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. काही मोठ्या नावांचे आकडे लाखाच्या घरात गेलेत, त्यांची तारीख मिळावी म्हणून गावं रांगेत उभी असतात, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांना काय म्हणायचं ते मी त्यांच्या तोंडावर म्हणेन, इथे नको.

मृदंगवाल्याचं मात्र वेगळं पाकीट मागून घ्या, तुमच्या आधी. टाळकरी गावचे असतात, ते हौसेने उभे राहतात. मृदंगवाल्याचं पोट बोटांवर असतं आणि पाकीट मात्र बहुतेक वेळा महाराजांच्या खिशातून, महाराजांच्या मर्जीने सुटतं. या एका बाबतीत आपली जमात बदनाम आहे आणि उगीच बदनाम नाही.

कोणी म्हणेल, ठरलेला दर म्हणजे दुकानदारीच झाली. नाही. पूर्वी जोशी आणि गुरव खळ्यावर बलुतं घेत. पूजेगणिक भाव नव्हता, पण वाटा ठरलेला होता आणि दोन्ही बाजूंना तो ठाऊक होता. (त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, ती परत यावी असं मी म्हणत नाही.) ठरलेल्या दराने पाप होत नाही. ज्याच्याकडून घेतो त्याला दुसरा रस्ता नसला की होतं. पंढरपूरचे बडवे-उत्पात आठवा. विठोबा एकच, त्याच्याकडे जाणारी वाट एकच, आणि त्या वाटेवर वंशपरंपरेने हक्क सांगणारे उभे. १९७३ सालच्या कायद्याने ते हक्क काढले, तरी खटले चालत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयात विषय मिटायला २०१४ उजाडलं. तुमचा दर गावाला जड गेला तर गाव दुसरा कीर्तनकार बोलावील. हे जोवर खरं आहे तोवर तुमच्या आकड्यात जुलूम नाही.

पैसा किती यापेक्षा तो कोणाचा, हे मला जास्त छळतं. हल्ली सप्ताहाचा एकेक दिवस एकेकाच्या नावावर असतो. काल्याचं कीर्तन अमुक भाऊंच्या सौजन्याने, मागे हा मोठा बॅनर. भाऊ कोण? रेतीचे ट्रक चालवणारे, नाहीतर व्याजाने पैसे देणारे, नाहीतर येत्या निवडणुकीचे उमेदवार. वर्गणीचा पैसा साऱ्या गावाचा असतो, त्यात कोणा एकाचा हात तुमच्या तोंडावर येत नाही. एकट्याने दिलेला पैसा तसा नसतो. सावकाराने पाकीट दिलं आणि तुम्ही लोभावर निरूपण केलं, तर लोभी म्हणून तुम्ही कंस सांगाल, दुर्योधन सांगाल, पार लंकेपर्यंत जाऊन रावण आणाल, पण पुढच्या रांगेपर्यंत तुमचा शब्द पोहोचणार नाही. म्हणून मी फोनवर दुसरा प्रश्न विचारतो: माझा दिवस कोणाच्या नावावर आहे? एकाच्या नावावर असेल तर म्हणतो, त्यांना म्हणावं बुंदीचा खर्च करा, माझे पैसे वर्गणीतून द्या. बहुतेक गावं ऐकतात. नाही ऐकत ती मला पुन्हा बोलावत नाहीत. आणखी एक सांगून पाहा: जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लिहा, त्यात महाराजांचा आकडाही लिहा. सुरुवातीला ओशाळल्यासारखं होतं. मग होत नाही.

तुमच्या विद्येचंही एक देणं आहे. आळंदीची संस्था जोग महाराजांनी १९१७ साली काढली, तिथे तुमच्याकडून फी घेतली नाही. मधुकरीची झोळी घेऊन तुम्ही दारोदार गेला असाल, कोणी कोणी भाकरी वाढली असेल. त्यामुळे वर्षातल्या काही तारखा बिनपैशाच्या ठेवा आणि त्या आधीच ठरवा, उरलेल्या तारखा दान करू नका. बंजाऱ्यांचा तांडा असो, कोलाम आदिवासींची वस्ती, म्हणजे पोड असो, जिथे लाऊडस्पीकरचेही वांधे आहेत तिथे जा. आणि कृपा करून त्याचा फोटो स्टेटसला ठेवू नका.

अंगाऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात तोलून-मापून बोलण्यासारखं काही नाही. नको. फुकटही नको, पैसे घेऊन तर नकोच. कीर्तन संपलं की बाई लेकरू घेऊन येते, 'पोरगं रातचं दचकते महाराज, काही देता काय?' आणि अकरा रुपये पायाशी ठेवते. ते अकरा रुपये उचललेत की 'उद्या दवाखान्यात ने' हे तुमच्या तोंडून निघणार नाही, निघालं तरी त्याला जोर राहणार नाही, कारण तिने औषधाचे पैसे दिलेले असतात तुम्हाला. पैसे तिच्या हातात परत ठेवा आणि सांगा की यात भर घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सापाचं, विंचवाचं, कुत्र्याचं कोणी घेऊन आलं तर हात जोडण्याचाही वेळ घालवू नका, गाडी काढा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या कीर्तन-प्रवचनाला, हरिपाठाला, वारीला हात लावत नाही, तसं त्यात लिहिलेलंच आहे. पण साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-दोरे करणं, चमत्काराच्या नावाखाली पैसे कमावणं, हे त्यात येतं. सहा महिने ते सात वर्षं कैद, वर पाच ते पन्नास हजार दंड. मेळघाटातल्या भूमकांनी, म्हणजे आदिवासींच्या पारंपरिक वैदू-मांत्रिकांनी, रुग्ण दवाखान्यात पोहोचवावा म्हणून आरोग्य खातं त्यांना मानधन देत आलंय. मला ती युक्ती फार आवडते. भूमकाचं पोटही सुटतं आणि जीभही.

दारू सोडवायला माळ घालणारे, त्याचे पैसे घेणारेही आहेत. माळ घाला, पैसे घेऊ नका. माणूस पुन्हा प्यायला लागला तर तो तुमच्याकडे परत यायला हवा. पैसे घेतले असतील तर एक तर तो लाजेने येत नाही, नाहीतर बायको भांडायला येते. पत्रिका, वास्तू, ग्रहशांती यावर मला विचारू नका, तो माझा प्रांत नाही.

आता तेरवी. जा, नक्की जा. पैसे घेऊ नका, पेट्रोलचेही नाही. मृदंगवाल्याला आधी कल्पना द्या आणि त्याचे तुमच्या खिशातून द्या. त्याला फुकट राबवून तुम्ही पुण्य कमवायचं, असं नको. त्या भावाने पाच हजार कबूल केले ते इच्छेने केले असं धरू नका. घरात असं मरण झालेलं, गाव काय म्हणेल याची धास्ती, आणि लोकांनी सांगितलेलं की कीर्तन ठेवलं नाही तर मेलेल्याला गती नाही. तो या घडीला कशालाच नाही म्हणू शकत नाही. ते पाच हजार त्याने कुठून आणले हे हलकेच विचारून बघा. बहुतेक त्याच दारातून आणलेले असतील ज्या दाराने घरातला माणूस नेला.

आणि तेरवीत आपण बोलायचं काय असतं? कर्ज काढून गावजेवण घालू नका, हेच ना? पाच हजार खिशात घालून ते बोलून दाखवा. म्हणून शक्य असेल तर तेरवीच्या आधी दोन दिवस जाऊन या, भावकीतल्या मोठ्या माणसांना घेऊन बसा आणि स्वयंपाक घरच्यांपुरता करायला लावा. महाराजांनी सांगितलं म्हटलं की भावाची सुटका होते, गावाचा राग तुमच्यावर येतो. येऊ द्या. तेवढ्यासाठी तर आपल्याला महाराज म्हणतात.

कीर्तन तासाभराचं करा. नामाचा साधा अभंग घ्या. आत्महत्या पाप, जीव भटकतो, यातलं एक अक्षर काढू नका. तुम्ही ते बोलून घरी जाल, आत बसलेली बाई ते वाक्य जन्मभर ऐकत राहील. व्यवस्थेवर, सरकारवरही भाषण नको, त्या दिवशी नको. रिकाम्या हाताने जाऊ देणार नाही असा त्यांनी फारच हट्ट धरला तर नारळ घ्या आणि निघताना तो लेकरांना फोडून वाटा.

मग भावाला बाजूला घेऊन कागदांचं विचारा. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण म्हणून पात्र ठरलं तर शासनाची एक लाखाची मदत मिळते, पण त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, कर्जाचे कागद असं सगळं तहसीलमधून जिल्हा समितीपुढे जावं लागतं. सुतकाच्या दिवसांत यातलं काहीतरी हमखास राहून जातं आणि मग घरातली बाई महिनोन्महिने चकरा मारते. तुम्ही शिकलेले आहात, साहेबापुढे उभं राहून बोलू शकता. एक दिवस काढून त्याच्यासोबत तहसीलला जा. एसटीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तुमचंही काढेल.